मागच्या ओळीतला रेकॉर्डर : चार नाटकांनंतरचा अभिप्राय

मुठीत मावणारा एक छोटा ऑडिओ रेकॉर्डर मी गेली पाच वर्षं वापरतेय. या पाच वर्षांत आमच्या हौशी मंडळाची पाश्चात्त्य धाटणीची चार संगीत नाटकं झाली आणि चारही नाटकांत मी कोरसमध्ये होते. अल्टोंच्या, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजांच्या रांगेत, मागच्या ओळीत, डावीकडून तिसरी. यंत्र घेण्याआधी मी जे अभिप्राय वाचले ते मुलाखती घेणाऱ्यांचे होते, पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्यांचे होते, बँडवाल्यांचे होते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला पळणाऱ्या आणि नोटेशन जेमतेम वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र दिलं तर काय होईल, ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून मी लिहितेय.

मॉडेलचं नाव देत नाही. या घडणीचे रेकॉर्डर बऱ्याच कंपन्या बनवतात, आणि मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं. वरच्या टोकाला जाळीखाली दोन माइक, उघड्या कात्रीच्या पात्यांसारखे नव्वद अंशांत एकमेकांवरून गेलेले. दोन बारीक पेन्सिल सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, हेडफोनचं भोक, तळाला ट्रायपॉडचा स्क्रू बसेल अशी जागा. छोटा पडदा आणि एक लाल दिवा. त्या लाल दिव्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

मी डोळे तपासते. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोर भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" हा प्रश्न मी दिवसातून शेकडो वेळा विचारत असेन. आधीचं आणि आताचं शेजारीशेजारी ठेवलं की माणसाला फरक लगेच कळतो, नुसतं एकच भिंग लावून "कसं दिसतंय?" विचारलं तर उत्तर देता येत नाही. गाण्यात मला कित्येक वर्षं कुणी हा प्रश्न विचारू शकलेलं नव्हतं. रेकॉर्डरमुळे तो मी स्वतःला विचारायला लागले.

आधी "फोन असताना हे कशाला" याचं उत्तर देते, कारण तालमीत मला हेच सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. पहिल्या नाटकाच्या सुरुवातीला मीही फोनच वापरायचे. त्यात एक गाणं होतं, कोरस अगदी कुजबुजीत सुरू होतो आणि चोवीस बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) चढत चढत पूर्ण ताकदीला पोचतो. घरी फोनवर ऐकलं तर सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर बोलल्यासारखे. मला वाटलं, आपला चढ कमी पडतोय. पुढच्या तालमीला मी सुरुवात आणखी हळू केली, शेजारच्या दोघींनाही सांगितलं. संगीत दिग्दर्शिकेनं पियानो थांबवला आणि विचारलं, "अल्टो कुठे गेल्या?" आमचा चढ पहिल्यापासून ठीक होता. फोन बोलण्यासाठी केलेला, हळू आवाज उचलायचा आणि मोठा आवाज दाबायचा हे त्याचं कामच. बोलताना ते सोयीचं असतं. गाण्यात मात्र ज्या गोष्टीवर आठवडाभर घाम गाळला नेमकी तीच पुसली जाते.

रेकॉर्डरमध्ये ही आपोआप पातळी लावायची सोय बंद करता येते, आणि ती बंद करता येत नसेल तर ते यंत्र गाणाऱ्यानं घेऊ नये. मी सरावाच्या वेळी सगळ्यांना सर्वात मोठ्यानं गायची ओळ एकदा गायला लावते आणि काटा उणे 12 डेसिबलच्या, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेच्या 12 डेसिबल खाली, आसपास राहील अशी पातळी ठेवते. मग रात्रभर हात लावायचा नाही. नव्या यंत्रांपैकी काहींत 32 बिट फ्लोट नावाची सोय असते, तिथे पातळी लावायची ही कटकटच जवळजवळ संपते. माझ्याकडे ती नाही आणि तिच्यावाचून काही अडलेलं नाही.

हौशी कोरसमधल्या माणसाचं आयुष्य बाहेरून पाहणाऱ्याला फक्त प्रयोगाच्या चार रात्रींत दिसतं. खरं ते त्याआधीच्या दहा-बारा आठवड्यांत असतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी. सुरुवातीचे तीन आठवडे नुसतं गाणं. खुर्च्या अर्धवर्तुळात, मांडीवर स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळींचं नोटेशन, संगीत दिग्दर्शिका पियानोवर. ती सोप्रानोंची, म्हणजे बायकांतल्या वरच्या आवाजांची ओळ वाजवते, मग आमची, मग टेनर, मग बास, म्हणजे पुरुषांतले वरचे आणि खालचे आवाज. प्रत्येक ओळ दोनदा, मग सगळे एकत्र, मग पुढचं गाणं. एका गाण्यामागे आमच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं येतात. ज्यांना नोटेशन सरळ वाचता येतं त्यांना ती पुरतात. बाकीच्यांना त्या क्षणी पुरल्यासारखी वाटतात, आणि दोन दिवसांनी डोक्यात फक्त सोप्रानोंची चाल उरलेली असते, कारण चाल त्यांच्याकडेच असते.

अल्टोची ओळ एकटी म्हणून पाहिली तर तिच्यात लक्षात राहण्यासारखं काहीच नसतं. आमच्या दुसऱ्या नाटकाच्या शेवटच्या गाण्यात मला एकाच स्वरावर नऊ शब्द होते, दहाव्याला अर्धा स्वर खाली, आणि अकराव्याला परत वर. घरी ही ओळ एकटीनं म्हटली तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. पण तो दहावा स्वर बरोबर पडला की चारही आवाजांचा रंग एकदम बदलतो, आणि तो रंग बदलणारं आपण आहोत हे कळतं. हे कळायला आपली ओळ आणि सगळ्यांची मिळून ओळ, दोन्ही ऐकाव्या लागतात. म्हणून मी प्रत्येक गाण्याच्या तीन फायली करते. पहिलीत फक्त पियानोवरची आमची ओळ. दुसरीत सगळे एकत्र, रेकॉर्डर खोलीच्या मध्यावर. तिसरीसाठी रेकॉर्डर सोप्रानोंच्या पायाशी ठेवते. घरी त्यांच्या आवाजाच्या पुरात उभं राहून स्वतःची ओळ धरून ठेवायचा सराव करते. तिसरी फाइल पक्की झाली की रंगमंचावर मला कुणीही कुठेही उभं केलं तरी भीती वाटत नाही.

एक तुकडा निवडून तोच पुन्हा पुन्हा फिरवायची सोय यात आहे आणि स्वर न बदलता वेग कमी करता येतो. मी तीन-चतुर्थांश वेगावर सुरू करते. सकाळी बसमध्ये वीस मिनिटं, परतताना वीस मिनिटं. आमच्यासारख्यांना दिवसातून मिळणारा वेळ एवढाच, आणि तो या बटणांमुळे वाया जात नाही.

जागेचा हिशेबही सांगते. डब्ल्यूएव्ही फाइल, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ: मिनिटाला साधारण 10 एमबी. म्हणजे 32 जीबीच्या कार्डावर जवळपास 50 तास. गाणं मी नेहमी यातच घेते. दिग्दर्शकाच्या सूचना एमपीथ्रीत, मिनिटाला एक एमबी.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून मी दोन दिवस रेकॉर्डरला हात लावला नव्हता. बहुतेकांचं हेच होतं. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्जाकडचा भाग जास्त असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग गळतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. बाकी सगळ्यांना मात्र आपण कायम असेच ऐकू येत असतो. हे समजलं तेव्हा माझी भीती गेली. मला माझा तो परका आवाज आता आवडतो. त्याला एक किंचित खरखर आहे, खालच्या स्वरांत ती छान लागते.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एक अल्टो बाकीच्यांतून बाहेर येत होती. कोण म्हणून कान लावून ऐकलं तर मीच. तालमीत मला उलटंच वाटायचं, की माझा आवाज पोचतच नाही. याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. एतिएन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये तो मांडला. आजूबाजूला गोंगाट असला आणि स्वतःचं स्वतःला नीट ऐकू आलं नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. कोरसमध्ये एकानं चढवला की शेजारचाही चढवतो आणि दहा मिनिटांत सगळे ओरडत असतात. मी संगीत दिग्दर्शिकेला फाइल ऐकवली. तिनं आम्हा अल्टोंना एकमेकींपासून अर्धं पाऊल लांब उभं केलं. एवढ्यानं फरक पडला, कारण प्रत्येकीला स्वतःचं ऐकू यायला लागलं. माझा घसा तेव्हापासून तालमीनंतर बसत नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राची आयुष्यभर ऋणी राहीन, ती सांगते.

तिसऱ्या नाटकात सोळा बार बिनसाथीचे होते. वाद्यं थांबतात, चार आवाज एकटे गातात, आणि सतराव्या बारला वाद्यं त्याच पट्टीत परत येतात. पियानो परत यायचा तेव्हा दरवेळी खोलीत सगळ्यांचे चेहरे आवळायचे. आम्ही खाली घसरलेले असायचो. कुठे घसरतो ते कुणालाच सांगता येईना. टेनर म्हणायचे बास, बास म्हणायचे सोप्रानो. चौथ्या-पाचव्या वेळी हे झालं की तालमीत एक जडपणा येतो. लोक एकमेकांकडे बघेनासे होतात.

मी ते सोळा बार घरी आणले. आधी पहिला झंकार आणि शेवटचा झंकार, म्हणजे चारही आवाज एकत्र लागतात ते स्वर, दोन्ही कापून एकापाठोपाठ एक लावले. आता बरं, की आधी बरं? फरक पायरीवरून पाय चुकल्यासारखा होता. ट्यूनरवर, म्हणजे स्वर मोजणाऱ्या साधनावर पाहिलं तर सुमारे 40 सेंट. म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चाळीस. मग दोन-दोन बारचे तुकडे केले. पहिले आठ बार जवळजवळ जागच्या जागी. नवव्यात आणि दहाव्यात उतार. नवव्या बारमध्ये अल्टोंनी गंधार धरलेला असतो, आणि मध्ये श्वास घेऊन तोच गंधार पुन्हा लावायचा असतो. श्वासाआधीचा आमचा गंधार आणि श्वासानंतरचा आमचा गंधार मी शेजारीशेजारी ऐकले. श्वासानंतरचा खाली होता. आणि सोप्रानो पुढची ओळ आमच्याच गंधाराच्या आधारानं उचलत होत्या. तिथून सगळं घर खाली.

त्यातही सगळ्यात खाली माझा आवाज होता. हे मी दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना हात थंड पडले होते, पण सांगितल्यावर खोलीतला तो जडपणा गेला. टेनरमधले एक काका म्हणाले, "बरं झालं सापडलं."

संगीत दिग्दर्शिकेनं मला बाजूला बसवून एक गोष्ट समजावली, ती मी विसरणार नाही. वाद्यांशिवाय गाताना कानाला गोड लागणारा गंधार षड्जाशी कंपनांच्या पाचास चार या नात्यानं बसतो. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, कारण पियानोत बाराही अर्धे स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. "तुमचा कान खोटा नाही," ती म्हणाली. "पण आपल्याला सतराव्या बारला पियानोच्या घरी परत जायचंय. तेव्हा गंधार त्याच्या घरातला घ्यायचा." उरलेली घसरण श्वासाची होती. श्वास उरकून घाईनं परत यायचं, म्हणून स्वराला खालून धरलं जायचं. आम्ही पाचजणींनी श्वास वाटून घेतले: दोघींनी आठव्या बारच्या शेवटी, दोघींनी नवव्याच्या मध्ये, मी दहाव्याच्या सुरुवातीला. दोन आठवडे गेले. रंगीत तालमीपर्यंत फरक दहा सेंटच्या आत आला, आणि एवढा वाद्यवृंदात विरून जातो. प्रयोगाच्या पहिल्या रात्री सतराव्या बारला वाद्यं आली आणि आमच्या झंकाराच्या खाली अलगद सरकून बसली. माझ्या शेजारचीनं अंधारात माझा हात दाबला. प्रेक्षकांत कुणालाही यातलं काही कळलं नसेल, आणि कळू नये म्हणूनच ते दोन आठवडे होते.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी, लाल दिवा.

या यंत्रात रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो. म्हणजे यंत्र पातळी दाखवत तयार उभं आहे, पण काहीही टिपत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि तेव्हा टिपायला लागतं. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, पण संध्याकाळी सातला धावत येऊन खुर्ची शोधणाऱ्याला ते आठवत नाही. याच नाटकाच्या सिट्झप्रोबला मी एकदाच दाबलं.

सिट्झप्रोब हा जर्मन शब्द, म्हणजे बसून करायची तालीम. आठवडेच्या आठवडे नुसत्या पियानोवर गाणारा कोरस त्या दिवशी पहिल्यांदा वाद्यवृंदाबरोबर गातो. अभिनय नाही, हालचाली नाहीत, फक्त संगीत. हौशी गटाला वाद्यवृंदाबरोबर अशा तालमी फार मिळत नाहीत. आम्हाला ती एकच मिळाली होती. आणि त्या दिवशी बरंच काही बदलतं. पियानोवर ज्या आवाजाच्या आधारानं आपण एंट्री घेत आलो तो आवाज आता भलत्याच वाद्यात गेलेला असतो. आमच्या दुसऱ्या अंकातल्या एका एंट्रीचा आधार पियानिस्टच्या उजव्या हातात होता, खणखणीत. वाद्यवृंदात तो क्लॅरिनेटकडे गेला, तोही हळू, आणि वर ड्रम. आम्ही अल्टो सगळ्या मिळून चुकलो. मी मनात म्हटलं, काळजी नाही, रेकॉर्डर चालू आहे.

अडीच तास तो दिवा लुकलुकत होता. घरी कार्ड उघडलं तर त्या तारखेची एकही फाइल नव्हती.

मी त्या रात्री झोपले नाही हे खरं आहे. सकाळी शेजारच्या अल्टोनं तिच्या फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात ड्रमचा ठोका पडला की बाकी सगळं खाली दबायचं आणि हळूहळू परत वर यायचं, लाटेत बुडत्या माणसासारखं. क्लॅरिनेट शोधून सापडेना. मग पुढच्या तालमीला मी लवकर गेले, क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गृहस्थांना गाठलं आणि विनंती केली. ते पॅसेजमध्ये आले, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले आणि ते चार बार एकट्यानं वाजवले. या वेळी मी दिवा दोनदा बघितला. अकरा सेकंदांची फाइल. ती मी सगळ्या अल्टोंना पाठवली. इतकी छोटी फाइल इतक्या वेळा मी दुसरी कुठलीच ऐकलेली नाही. प्रयोगात ड्रमच्या आवाजाखालून तो क्लॅरिनेट मला असा स्पष्ट यायचा की जणू गर्दीत ओळखीच्या माणसानं नावानं हाक मारली.

तर घ्यायच्या आधी दुकानात हे बटण दाबून पाहा. एका दाबात सुरू होणारी यंत्रंही मिळतात. माझ्यासारखं दोन दाबांचं घेतलंत तर लुकलुकणं आणि स्थिर असणं यातला फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांत बसवून घ्या.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. अंग प्लास्टिकचं, त्यामुळे हातात धरलं तर बोटांची प्रत्येक हालचाल रेकॉर्डिंगमध्ये कुरकुरते. छोटा ट्रायपॉड लागतोच. लाकडी रंगमंचावर नाच चालू असताना ते जमिनीवर ठेवलं तर फक्त पावलं ऐकू येतात, म्हणून खुर्चीवर घडी घातलेल्या शालीवर ठेवावं. सेलच्या झाकणाची खिटी दुसऱ्याच वर्षी तुटली, आता चिकटपट्टीवर आहे. पडदा उजेडात वाचता येत नाही. फायलींना तारीख पडते पण नाव देता येत नाही, म्हणून मी प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गाण्याचं नाव आणि बारचा आकडा बोलते. ही सवय लागली नसती तर चारशेहून जास्त फायलींत काही सापडलं नसतं.

संवाद पाठ करायलाही याचा चांगला उपयोग होतो. चौथ्या नाटकात मला पहिल्यांदा सहा वाक्यं मिळाली. समोरच्या पात्राची वाक्यं मी माझ्या नवऱ्याकडून वाचून घेतली आणि माझ्या वाक्यांएवढी शांतता मध्ये सोडली. सुरुवातीला मी त्या शांतता फार ऐसपैस ठेवल्या होत्या. रंगमंचावर कुणी इतका वेळ थांबत नाही. दुसऱ्यांदा घेतल्या तेव्हा निम्म्या केल्या. क्यू पाठ करणं म्हणजे समोरच्याचा शेवटचा शब्द पाठ करणं असं मला वाटायचं. त्याच्या वाक्यातला श्वास कुठे येतो ते पाठ करायचं असतं, हे मी बसमध्ये शिकले.

तालीम संपताना दिग्दर्शक सूचना देतो तेव्हा सगळे थकलेले असतात, कुणी बूट बदलतंय, कुणी शेवटच्या बसची वेळ बघतंय. त्या वेळी रेकॉर्डर लावून ठेवणं ही मी मंडळासाठी केलेली सर्वांत उपयोगी गोष्ट असेल. "उजव्या विंगेत गर्दी होते, टेबल नेणाऱ्या दोघांना आधी जाऊ द्या," हे वाक्य तीन जणांनी तीन प्रकारे ऐकलेलं असतं. फाइल असली की वाद राहत नाही.

मात्र याच सवयीतून माझ्या हातून एक चूक घडली. एकदा विश्रांतीच्या दहा मिनिटांत मी रेकॉर्डर बंद करायला विसरले. घरी ऐकताना दोघांचं बोलणं ऐकू आलं, कोरसमध्ये नवीन आलेल्या एका मुलीच्या आवाजाबद्दल. वाईट हेतूनं नव्हतं, पण तिनं ऐकलं असतं तर ती परत आली नसती. मी तो भाग तिथल्या तिथे पुसला. पण ते मी ऐकलं हे काही पुसता येत नव्हतं. पुढच्या तालमीच्या सुरुवातीला मी उभी राहिले आणि सांगितलं की विश्रांतीत रेकॉर्डर चालू राहिला होता, तेवढा भाग काढून टाकला आहे, आणि यापुढे तो चालू असेल तेव्हा दिवा सगळ्यांना दिसेल अशा जागीच असेल. ज्यांना नको असेल त्यांनी मला सांगावं.

तीच मुलगी तालीम संपल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मी गाते तेव्हा तो बंद ठेवाल का?" का, ते मी विचारलं नाही. त्या नाटकात तिचं छोटं एकल होतं, आठ बारचं. ते आलं की मी उठून बटण दाबायचे, दिवा विझायचा, ती गायची, मी परत लावायचे. दहा आठवडे. त्यामुळे माझ्या त्या गाण्याच्या सगळ्या फायली दोन तुकड्यांत आहेत.

प्रयोगाच्या दिवशी मी रेकॉर्डर घरीच ठेवते. संगीत नाटकांचे प्रयोग करायला जो परवाना घ्यावा लागतो त्यात प्रयोगाचं ध्वनिमुद्रण सहसा मना असतं, आणि हौशी गटांनाही तो नियम लागू असतो. ज्यांच्या लेखणीवर आणि चालींवर आपण उभे आहोत त्यांचा तो हक्क आहे, तेव्हा त्यात पळवाट शोधू नये. तालमीतल्या सरावासाठी टिपलेलंही मी मंडळाबाहेर कुणाला देत नाही, आणि तालमीत टिपायलाही प्रत्येक नव्या नाटकाच्या सुरुवातीला मंडळाची परवानगी घेते. त्यामुळे माझ्याकडे चार नाटकांच्या शंभराहून जास्त तालमी आहेत आणि प्रयोग एकही नाही. दोन नाटकांच्या मधल्या काळात रेकॉर्डर ठेवून देताना सेल काढून ठेवा, नाहीतर सेल गळून आत पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं आणि पत्र्या खराब होतात.

कुणी घ्यावा? मुख्य भूमिका करणाऱ्यांना तर उपयोग आहेच, पण त्यांच्यासाठी पियानिस्ट वेगळा वेळ काढतो, त्यांची चाल सगळ्या खोलीला पाठ असते. हा रेकॉर्डर मागच्या ओळीसाठी आहे. ज्यांची ओळ कुणी गुणगुणत घरी जात नाही, त्यांनी घ्यावा. पाच वर्षांत मला याच्याइतकं कुणी शिकवलेलं नाही, आणि सोबत ती संगीत दिग्दर्शिका नसती तर याच्या शिकवण्याचा अर्थ मला लागला नसता, हेही लिहायला हवं. पाचपैकी साडेचार. अर्धा त्या लाल दिव्याचा.

गेल्या महिन्यात चौथं नाटक संपलं. सेट उतरवताना ती मुलगी जवळ आली आणि विचारलं, रेकॉर्डर दोन दिवस मिळेल का. मी दिवा कसा बघायचा ते दाखवलं, दोनदा दाबायला सांगितलं. सोमवारी तिनं परत आणून दिला. कार्डावर तारखेची एक नवी फाइल आहे, चाळीस सेकंदांची. आठ बार साधारण तेवढ्यात होतात. "पुसायची राहिली का?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही, राहू दे." ऐकू का, हे विचारायचं मात्र मला तेव्हा सुचलं नाही. फाइल तशीच आहे, आणि शुक्रवारी नव्या नाटकाचं वाचन आहे, तेव्हा तिला विचारेन.